चोरमास्तर शिवलिंग

शिवलिंग नव्या माणसाला नमस्कार करत नसे. तो त्याला नखशिखांत न्याहाळायचा आणि विचारायचा, "पावणं, शेवटचा गुन्हा कवा केलासा?"

माझे सासरे पहिल्यांदा शिवाजी पेठेत आमच्याकडे आले, तेव्हा दारातच त्यांच्यावर हा प्रश्न आदळला. सासरे हेडमास्तर. तासभर त्यांनी चहालाही हात लावला नाही. रात्री जेवताना मात्र भाताचं आळं करता करता पुटपुटले, "एकदा पुतण्याला परीक्षेत थोडे मार्क वाढवून दिले होते." दुसऱ्या दिवशी शिवलिंगाला हे कळलं आणि त्याला कोण आनंद झाला! "बगितलंस? सापडला त्यो गुन्हेगार, न सापडला त्यो हेडमास्तर!"

शिवलिंग माझा शेजारी आणि वर्गमित्र. त्याचे वडील इराप्पा गुळाचे व्यापारी. घरात कायम दोनचार दावे चालू असत, म्हणून पोरगा वकील व्हावा या हेतूनं त्यांनी त्याला मुंबईला धाडलं. संस्थान विलीन होऊन थोडी वर्षं झाली होती. कोल्हापुरात तेव्हा जो तो मुंबईकडं तोंड करून उभा असे. शिवलिंग परत आला तो वकिली सोडून विद्यापीठातून क्रिमिनॉलॉजी शिकून. पेठेत कुणाला तो शब्द उच्चारता येईना. शिंप्याला वाटलं, किरमिजी रंगाचं काहीतरी काम असावं. त्यानं लुगडी रंगवून द्याल का म्हणून विचारलंसुद्धा.

इराप्पांनी मुलाला समोर बसवलं. मी तिथंच होतो.

"वकील न्हवं, पोलीस न्हवं. मग हायस कोन तू?"

"शास्त्रज्ञ हाय, अप्पा."

"कशाचा?"

"गुन्हेगारांचा."

"मग दुकानात बस की. सगळे येत्यात."

पण शिवलिंगाला नोकरी हवी होती, आणि तीही शास्त्राची. पोलीस अधिकारी म्हणाले, "चोर धरायला शास्त्र लागत न्हाय, दांडकं लागतं." कॉलेजच्या प्राचार्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि भूगोलाची जागा रिकामी असल्याचं सांगितलं. तुरुंगात गेला, तर तिथल्या अधिकाऱ्यानं आधी विचारलं, "नोकरीला आलाय की राहायला?" एका संपादकानं त्याला रहस्यकथा लिहायला सुचवलं, फक्त खून पहिल्याच पानावर हवा, अशी अट घातली. एवढं मोठं शास्त्र, आणि त्याला विचारणारा माणूस जिल्ह्यात नाही! चोरांचा मात्र तुटवडा नव्हता.

त्यातच निपाणीचं स्थळ आलं. मुलीच्या वडिलांनी विचारलं, "जावईबापू करतात काय?"

"गुन्हेगारांत असतो," शिवलिंग अभिमानानं म्हणाला.

"आणि पुढं?"

"पुढं तुरुंगात जायचा विचार हाय."

पोहे आतून यायच्या आधी पाहुणे टांग्यात बसले होते. मी त्याला म्हणालो, "अरे, गुळाचा व्यापारी म्हणून सांगितलं असतंस तर काय बिघडलं असतं?" तर माझ्यावरच उखडला. "खोटं बोलून संसार मांडू व्हय? मग ह्या शास्त्राचं काय लोणचं घालू?" त्यानंतर आणखी दोन स्थळं याच वाटेनं गेली. मग स्थळं यायचीच थांबली.

शेवटी सरकारला त्याची दया आली. पहिल्यांदाच गुन्हा केलेल्याला तुरुंगात न धाडता देखरेखीखाली सोडायचं, आणि देखरेखीला अधिकारी नेमायचा, असा कायदा होता. शिवलिंग प्रोबेशन अधिकारी झाला. कचेरीत त्याला खुर्ची मिळाली, पण खोली मिळाली नाही. म्हणून त्यानं आपल्या घराचा पुढचा सोपाच कचेरी केला. दर सोमवारी पेठेत चोर हजेरीला येऊ लागले. बायका दारात वाळत घातलेली धुणी आत घेऊ लागल्या आणि पेठेनं शिवलिंगाचं बारसं केलं, चोरमास्तर.

मला हे सगळं फार मजेचं वाटे. आमचा बंब चोरीला जाईपर्यंत.

थंडीचे दिवस होते. मी अंगाला तेल चोळून न्हाणीत उभा, आणि परड्यातून बायकोची आरोळी आली, "आवं, बंब न्हाय!" तांब्याचा, तिच्या माहेरचा, भरलेला आणि पेटलेला बंब! चोरानं पाणी ओतलं होतं, विस्तव झाडला होता आणि तो तापलेला बंब पोत्यात गुंडाळून पळवला होता. मागं राखेची रेघ सोडत तो गेला आणि तालमीसमोर सापडला. मी पंचा गुंडाळून पोहोचलो तेव्हा पैलवानांनी त्याला मधे घेतलं होतं. तेवढ्यात शिवलिंग गर्दीत घुसला.

"थांबा! याला आधी इचारायचं हाय!"

एक ठोसा त्याच्या चष्म्यावर बसला. तरी त्यानं चोराला पाठीशी घातलंच. एका काचेनं त्याच्याकडं बघत त्यानं विचारलं, "का चोरलास?"

माझी बायको मागून ओरडली, "का म्हंजे? त्याला पानी तापवायचं असंल की, भावजी!"

चोराचं नाव महादू. उचगावचा, ओतकामाच्या कारखान्यातून काढून टाकलेला. आईबाप नाहीत. कोर्टात शिवलिंग उभा राहिला, आणि मला वाटलं आता मुंबईची सगळी पुस्तकं बाहेर पडणार. तसं झालं नाही. त्यानं महादूचे दोन्ही हात धरून न्यायाधीशांपुढं केले. तळव्यांची सालं निघाली होती.

"साहेब, चोरी ज्याचा धंदा हाय, त्यो बंब निवल्यावर नेतो. याला अजून चोरी येत न्हाय. तुरुंगात धाडलासा तर तिथं शिकून येईल."

न्यायाधीश हसले. महादू देखरेखीवर सुटला, आणि पेठ संतापली. मी तर जास्तच. माझाच बंब, आणि माझाच शेजारी चोराच्या बाजूनं! बायको मात्र घरी येऊन चूल पेटवायला बसली. मग म्हणाली, "हात लईच भाजल्यात वो त्याचं." दुसऱ्या सोमवारी तिनं वाटीत खोबरेल घालून शेजारी पाठवलं.

शिवलिंगानं महादूला दुसऱ्या एका कारखान्यात चिकटवला. मालकाला सांगितलं, "यानं काय नेलं तर माझी नोकरी गेली म्हणून समजा." ते खरंही होतं. वरचे साहेब या नव्या खुर्चीवर टपूनच होते. इराप्पा तोवर वारले होते, घरात शिवलिंग एकटाच. सोमवारी तो सकाळपासून उप्पीट करायच्या नादाला लागे. आम्हाला वास यायचा, बहुधा करपल्याचा. बाकीचे चोर हजेरी देऊन सटकत; महादू मात्र ते उप्पीट खाऊन जाई. मला वाटे, शिक्षा म्हणून तेवढं पुरे आहे.

आणि एका सोमवारी महादू आला नाही.

पेठेत दिवाळी झाली. "गेला चोरमास्तरांचा चेला!" शिवलिंग तोंड काळवंडून माझ्याकडं आला. "चल उचगावला. आज त्यो घावला न्हाय, तर मला वर कळवावं लागंल." दोन सायकलींवरून आम्ही निघालो.

महादूच्या घरापुढं चपलांचा ढीग होता. आत पाच-सहा फेटेवाले बसलेले. महादू नवा सदरा घालून मधे. त्याचं लग्न ठरत होतं! दारात आम्हाला बघितलं आणि त्याचा चेहरा पांढराफटक पडला.

मुलीच्या बापानं वर बघितलं. "या की. पावणं कोन म्हनायचं?"

मी डोळे मिटले. आता हा सांगणार, मी प्रोबेशन अधिकारी, आणि हा माझा गुन्हेगार.

शिवलिंगानं घसा खाकरला. "आमी गुळाचं व्यापारी, शिवाजी पेठंतलं. महादूच्या थोरल्यांचा आन् आमचा लई घरोबा. पोरगा सोन्यावानी हाय. बिनघोर द्या पोरगी."

असं म्हणून तो खाली बसला, चहा प्याला, आणि उसाच्या भावावर मुलीच्या बापाशी वादसुद्धा घातला. परतताना मी चेष्टा करणार होतो. पण तो सायकल हातात धरून चालत होता आणि वर बसायचं त्याला सुचतच नव्हतं. खोटं बोलायची सवय नाही म्हटल्यावर असंच व्हायचं.

महादूची देखरेख संपली त्याच महिन्यात लग्न होतं. महादू स्वतः अक्षत घेऊन आला. शिवलिंगाकडं, आणि लाजत आमच्याकडंही. बायको म्हणाली, "जाऊया की. पर भांडं काय देनार न्हाय, खण-नारळ देऊ." निघताना शिवलिंगाला हाक मारली, तर तो जिन्यावरूनच म्हणाला, "तुमी जावा."

"आणि तू?"

"उचगावात कोर्टात येनारी चार मानसं असत्यात. मांडवात एकानं जरी 'चोरमास्तर आलं' म्हनून हाक मारली, तर पोरीचा बाप इचारंल. तुला कोन वळखतंय?"

माझ्यासारख्या कचेरीतल्या कारकुनाला कुणी ओळखत नाही हे खरंच होतं. आम्ही गेलो, अक्षता टाकल्या, जेवलो आणि दुपारी परतलो. शिवलिंग सोप्याच्या पायरीवर बसला होता.

"झालं नीट?"

"झालं की."

"हसत हुता का?"

"सारखा."

"पाठीशी मामा म्हनून कोन हुबा राह्यला?"

"कारखान्यातला मुकादम."

"बरं झालं," तो म्हणाला. मग बायकोकडं वळला. "वहिनी, पोरगी कशी हाय?"

"चांगली हाय, भावजी. हुशार दिसती."

तो मान हलवत राहिला. आणखी काय काय विचारलं; जेवणात काय होतं, वाजंत्री कुठली, मुंडावळ्या कुणी बांधल्या. मी सांगत होतो, आणि सांगता सांगता माझं लक्ष त्याच्याकडं गेलं. जरीकाठी धोतर, इस्त्रीचा कोट, डोक्याला नवा कोरा गुलाबी फेटा. सकाळी मुहूर्ताच्या वेळेला बांधून तो तसाच पायरीवर बसून राहिला होता.

बायकोनंही ते बघितलं. पदराखालचा लाडवाचा पुडा तिनं त्याच्या हातात दिला आणि म्हणाली, "मुलीच्या बापानं दिल्यात. गुळाच्या पावण्यांना द्या म्हनला."

शिवलिंगानं पुडा घेतला, तिथंच उघडला आणि फेट्याचा शेमला मागं टाकून, मांडवातल्या पंगतीला बसावं तसा मांडी घालून लाडू खाऊ लागला.