खांदा वाळेपर्यंत

रांजणाच्या गळ्याची शेवटची वळी बसवून काकूंनी तिच्यावरून ओलं बोट फिरवलं, मान तिरकी करून चहूबाजूंनी पाहिलं आणि समाधानाने मागे सरकल्या. पाठ मातीला टेकली. पुढे सरकल्या. पोट टेकलं. तेव्हा कुठे त्यांच्या लक्षात आलं, की रांजण पुरा झाला आहे आणि आपण आत आहोत.

याला कारण काकूंची उंची. मातीकामाच्या स्टुडिओतली बाकीची मंडळी असले मोठे रांजण बाहेर उभी राहून करत. मातीच्या लांब वळ्या लाटायच्या, एकीवर एक रचायच्या, आतून-बाहेरून बोटाने लिंपून सांधे बुजवायचे. काकूंचा हात आतून खालपर्यंत पोचत नसे, म्हणून त्या एक स्टूल बाहेर, एक आत ठेवून सरळ रांजणातच उतरत. रोज थोडं चढवायचं, बाहेर यायचं, ते घट्ट झालं की पुढचं. आज खांदा आला. पोट संपून रांजण गळ्याकडे वळतो, तो खांदा. काकूंचे आधीचे तीन रांजण तिथेच खचले होते, त्यांच्या डोळ्यांदेखत, बाजार करून दमून आलेल्या माणसासारखे. हा खचला नाही. त्या आनंदात काकू वळीवर वळी चढवत गेल्या आणि गळा काखेपर्यंत आला तरी त्यांना पत्ता नाही.

स्टुडिओच्या मॅडम जेवून परत आल्या. काकूंच्या लेकीच्या वयाच्या, पण शिकवताना कडक.

"काकू, आत काय करताय?"

"गळा पुरा केला."

"छान झालाय. बाहेर कशा येणार?"

"तेच तुम्हाला विचारणार होते."

मॅडमनी रांजणाला एक फेरी मारली. "मऊ आहे अजून. वरचं दाबून टाका आणि या बाहेर."

"आणि खांदा?"

"तो जाईल."

"मग मी नाही येत."

मॅडमनी खांद्याकडे नीट पाहिलं आणि त्यांचा आवाज उतरला. "बरं. मग थांबावं लागेल. घट्ट झाला की तारेने खांद्याखाली कापू, वरचा भाग टोपणासारखा तुमच्या डोक्यावरून काढू आणि तुम्ही आलात की परत चिकटवू. पण तोवर टेकायचं नाही. शिंकायचंही नाही."

काकूंचा जीव भांड्यात पडला म्हणावं, तर त्या अख्ख्याच भांड्यात होत्या.

तेवढ्यात फळीवरचा काकूंचा फोन वाजला. नवरा होता. मॅडमनी सरळपणे सांगितलं, "काकू रांजणात अडकल्यात," आणि थोड्याच वेळात काका दारात उभे राहिले. एका पायात स्वतःची चप्पल, दुसऱ्यात मुलाची.

"अगं, हे काय करून बसलीस?"

"बसले कुठे? उभीच आहे."

"हात वर कर. मी उपसून काढतो."

"आणि कंबरेचं काय?"

"कंबरेला काय झालंय?"

"झालं काही नाही. आहे."

काकांनी घेराचा अंदाज घेतला आणि शहाणपणाने गप्प बसले. पण गप्प बसणं त्यांना फार वेळ मानवत नसे. "मातीच आहे ना शेवटी? फोडा! दुसरा करेल ती. तिला काय, वेळच वेळ आहे."

काकू हळूच म्हणाल्या, "चौथा आहे हो हा."

काकांनी आधी बायकोच्या तोंडाकडे पाहिलं, मग पहिल्यांदाच रांजणाकडे. तळापासून फुगत आलेलं पोट, त्यावरून अलगद आत वळलेला खांदा. आपली बायको रोज दुपारी 'माती खेळायला' जाते, एवढंच त्यांना ठाऊक होतं.

"हे सगळं तू केलंस? हातानं?"

"नाही, पायानं."

काका दोन पावलं मागे सरले. लगेच दचकून पुढे आले. "मॅडम, माती वाळली की आकसते म्हणतात!"

"थोडी आकसते."

"थोडी म्हणजे? आत माणूस आहे!"

"काका, एका दुपारीत एवढी नाही आकसत."

तरी त्यांचा विश्वास बसेना. ते मधूनमधून बायको आणि गळा यांच्यात बोट घालून बघत. काकूंनी चहा मागितला तर त्यांनी स्वतः करून आणला, फुंकर घालून निववला आणि थेंब खांद्यावर पडू नये म्हणून बशी खाली धरून पाजला. मग काकूंच्या नाकाला खाज सुटली. हात मातीने माखलेले.

"वर. अहो, वर म्हणजे वर. डोळा नाही, नाक!"

घरून फोनवर फोन येत होते. प्लंबर आलाय, नळाची चावी कुठे? दूध उतू गेलं, फडकं कुठलं घेऊ? एरवी दर फोनला काकूंना हातातलं काम टाकावं लागायचं, चिखलाचाच हात कानाला लागायचा. आज काकाच उचलत होते.

"शोध की जरा! तुझी आई कामात आहे. नाही, बाहेर नाही येणार. खांदा वाळतोय तिचा!"

काका तावातावाने बोलत व्हरांड्यात गेले. मॅडम तार घेऊन आल्या. त्यांनी खांद्यावर अंगठा दाबला. ठसा उमटला नाही. नखाची फक्त रेघ उठली.

"काकू, हा तर केव्हाच झालाय!" त्या कुजबुजल्या. "सुरेख घट्ट झालाय. आता काही होत नाही त्याला. काढू?"

काकूंनी व्हरांड्यातला आवाज ऐकला. मग खांद्यावरून हलकेच तळवा फिरवला. कुणी हाक मारत नव्हतं. मारली असती तरी जाता येत नव्हतं.

"मॅडम, नीट बघा ना. मला जरा ओला लागतोय."

मॅडमनी त्यांच्याकडे पाहिलं, तार बोटाला गुंडाळली आणि एप्रनच्या खिशात टाकली.

काका आत आले. "झाला का?"

"अजून थोडा वेळ लागेल," मॅडम म्हणाल्या.

काका रांजणाजवळ आले. पाय न वाजवता. एका बोटाने खांद्याला हळूच शिवले. बोटाला माती लागली नाही. बायकोकडे पाहिलं. ती छताकडे बघत होती, काही ठाऊकच नसल्यासारखी.

"मॅडम," ते म्हणाले, "खिडकी लावून घेऊ का? वाऱ्याने उगाच लवकर वाळायचा."

"लावा," रांजणातून उत्तर आलं.