दादाचे प्रांत

आमच्या दादापुढं ताट आलं की पहिला घास घ्यायच्या आधी तो वाढणाऱ्या बाईला विचारायचा, "तुमचं म्हायेर कुठलं?"

बाई ओळखीची असो नाहीतर नसो. एकदा कराडला पाहुण्यांकडं नवी सून आमटी वाढायला आली होती. दादाचा प्रश्न ऐकून ती भांडं घेऊन तशीच आत पळाली आणि तिची सासू तरातरा बाहेर आली. दादानं तिलाही तेच विचारलं. मी मान खाली घालून भातात बोटं फिरवत राहिले.

दादा माझा थोरला भाऊ. पलूसच्या ऊसवाल्याचा पोरगा, पण शेतकी खात्यात लागला आणि भाताचा जाणकार झाला. आणीबाणीच्या थोडं आधी खात्यानं त्याला भाताचंच शिकायला काही महिने फिलिपाइन्सला धाडलं. गावात कुणाला ते नाव घेता येईना. आमचे चुलते, तात्या, त्याला फुलपाईन म्हणायचे. दादा परत आला तेव्हा भाताचं काही बोलेना. बोलायचा ते सगळं खाण्याचं.

"मनिलाच्या खाली लागुना प्रांत. तिथलं एस्पासोल! भाजलेल्या तांदळाचं पीठ नारळाच्या दुधात आटवायचं, वर पुन्ना पीठ भुरभुरायचं. खाल्लं की मिशी पांढरी. रिझालचं सुमान म्हंजे चिकट भात, पानात गुंडाळून वाफवलेला. आन बातांगासची काफी! आगं, काफीचं नावच रानडुक्कर!"

मग तो आपल्याकडंही प्रांत पाडायला लागला. साताऱ्याचा कंदी पेढा एक प्रांत, सांगलीचं भडंग दुसरा. पलूसची आमटी आणि माझ्या सासरची, माधवनगरची आमटी यांच्यामध्येसुद्धा त्यानं सरहद्द आखली होती. "प्रांत बदलला की जीभ बदलती," हे त्याचं ठरलेलं वाक्य.

लोक हसायचे. त्याचं मला एवढं नव्हतं. खरी लाज वेगळीच होती. दादा तिकडं असताना आमची आई गेली. तो आला नाही. आणि आल्यावर आईबद्दल अवाक्षर नाही, नुसतं खाण्याचं पुराण. पलूसला गेले की बायका विचारायच्या, "तुजा दादा लय खाऊनपिऊन आला म्हनं?" मी डोक्यावरचा पदर पुढं ओढायची आणि पाय उचलायची.

पुढं माझ्या थोरलीची सुपारी फुटली. व्याही मिरजेचे, मोजकं बोलणारी माणसं. पंगतीत केळीच्या पानावर शेवया आल्या, वर साखर आणि तूप. दादाचे डोळे चमकले.

"व्याहीबुवा, केझोन प्रांतात शेवया कशा खात्यात, दावू?"

"दादा, नगं," मी म्हणाले.

"बोट लावायचंच न्हाई बगा!" असं म्हणून त्यानं अख्खं पान दोन्ही हातांनी उचललं, तोंडाला लावलं आणि हबहब करत शेवया ओढल्या. साखर नाकाला, तूप मिशीला. पोरं खिदळली. विहीणबाईंनी पदर तोंडाला लावला, तो हसू दाबायला की किळस आली म्हणून, ते कळेना. धरणीनं पोटात घ्यावं असं मला झालं.

तात्यांनी हातातली वाटी खाली ठेवली. "आई मेली तवाबी आसंच खात बसला हुतास व्हय रं?"

दादानं पान खाली ठेवलं, तोंड पुसलं आणि हात धुवायला म्हणून मागच्या दारी गेला. तो परत आलाच नाही.

पाहुण्यांना वाटेला लावून मी मागं गेले. दादा धुण्याच्या दगडावर बसला होता.

"तात्या खरं तेच बोलले," तो म्हणाला. "तार पोचली तवर आईला अग्नी देऊन झाला हुता. निघून तरी काय उपेग? खोलीला कडी लावून पडलो. आलिंग रोसा म्हनून घरमालकीन हुती. आलिंग म्हंजे आपली मावशी. तिनं दार वाजवून वाजवून उघडायला लावलं. त्यांच्यात मेल्या मानसासाठी नऊ रात्री शेजारपाजार जमतो, देवाचं म्हनतो, आन जमलेल्याला खायला घालत्यात. माजी आई कुणी डोळ्यांनी बगितलेली न्हाई, तरी समदी गल्ली आली. ज्या त्या बाईनं आपापल्या म्हायेरचं करून आनलं. मला त्यांची भाषा येईना. बोलायचं काय? मग एकेकीला इचारायचो, तुमचं म्हायेर कुठलं? तेवढंच शिकलो हुतो."

"मग हे कवा सांगायचं न्हाईस व्हय?"

"काय सांगू? सुतकात गोड खाल्लं म्हनून?" तो हातांच्या तळव्यांकडं बघत राहिला. "पयल्या रात्री घास उतरंना. पुढं पुढं उतराया लागला. आन एका रात्री... आगं, आई गेलेली, आन मला ते गोड लागलं. मी पुन्ना मागून घेतलं. पोटाला लाज नसती गं."

मी त्याच्या शेजारी टेकले. मग त्यानंच विचारलं, पहिल्यांदाच. "दहाव्याला कसं झालं?"

"नदीवर पिंड ठेवला, पर कावळा शिवंना," मी म्हणाले. "ऊन चढलं. कोन म्हनलं, म्हशीला बगतो म्हना. कोन म्हनलं, नातीचं लगीन करतो म्हना. समदं म्हनून झालं. मग तात्या म्होरं झाले, हात जोडले. रडत हुते. म्हनाले, 'वयनी, थोरल्याचा घोर सोडा. त्यो तिकडं उपाशी ऱ्हायचा न्हाई. कोन ना कोन त्याला जेवू घालील. तुमी जावा.'"

"मग?"

"मग शिवला."

दादानं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. त्याचे खांदे हलत होते. मी शेजारी बसून राहिले.

एवढ्यात आतून तात्यांचा आवाज आला, "आगं, त्यो जेवला का न्हाई अजून?"

मी उठले आणि ताट वाढायला आत गेले.