जयसिंगच्या गाडीचं मिटलेलं तोंड

"आज आमची गाडी दारात येईल ना मास्तर, कुंपणावरचं मांजरसुद्धा मान वळवणार नाही!" जयसिंगने शेजारच्या शरच्चंद्र मास्तरांना सकाळीच सांगून ठेवलं.

मास्तर चष्मा पुसत म्हणाले, "वा! म्हणजे आमचं घर विमानतळावरून पुन्हा मांजरी गावात आलं म्हणायचं."

मास्तरांचंही चूक नव्हतं. जयसिंगने हौसेने बसवून घेतलेल्या त्या सायलेन्सरचा आवाजच तसा! गाडी फाट्यावर वळली की उसातले बगळे उडायचे, म्हैस दावं ताणायची आणि त्याची आई सोजरबाई भाकरीचा तवा चढवायची.

पण सव्वा महिन्यापूर्वी खडकीला, बायकोच्या म्हणजे प्रेमलाच्या माहेरी, लेक जन्मली. प्रेमलाने फोनवर निक्षून सांगितलं, "अहो, लेक घरी येतेय. गाडी एकदा जरी ओरडली, तरी ती विकायची. नाहीतर आम्ही दोघी इथंच बऱ्या."

विकायची? जयसिंगने तडक अमीनचं गॅरेज गाठलं. अमीनने सायलेन्सरच्या नळीत व्हॉल्व्ह बसवला आणि हातावर चिमुकला रिमोट ठेवला.

"जयसिंगभाऊ, आत झाकणासारखी चकती आहे. बटण दाबलं की मिटते, आवाज गप्प. पुन्हा दाबलं की उघडते. मग तुम्ही आणि तुमचं नशीब!"

रिमोट हरवू नये म्हणून जयसिंगने त्याला जेजुरीचं घुंगरू बांधलं.

खडकीहून निघताना सासऱ्यांनी खिडकीत वाकून विचारलं, "गाडी चालू केलीत का?" जन्म दारूगोळ्याच्या कारखान्यात गेलेल्या माणसाचा हा प्रश्न! जयसिंगची छाती फुगली.

येरवड्याला लेकीने डोळे उघडले. मुंढव्याला तोंड उघडलं. आणि काय रडली म्हणता! प्रेमलाने पाजलं, थोपटलं, कुंची सैल केली. नातीला आणायला सोबत आलेल्या सोजरबाईने मागच्या सीटवरून ओवी धरली:

"नीज गं माझे मैने, उसाला तुरा आला,
बाप तुझा येता येता गाव सारा जागा झाला..."

पोर ओवीच्याही वरच्या पट्टीत गेली.

"आरं, तिला खुळखुळा तरी हाय का?" म्हणत सोजरबाईने पुढे हात घातला, घुंगरू दिसलं ते उचललं आणि मुठीत गच्च धरून हलवलं.

गाडीने हंबरडा फोडला! शेजारच्या रिक्षावाल्याने दोन्ही कान झाकले. विकली गाडी!

"आई, ते दे इकडं!"

मागे मात्र सामसूम. लेकीची मूठ सुटली होती, पापण्या मिटल्या होत्या, ओठाच्या कोपऱ्यात दुधाचा थेंब तसाच होता.

जयसिंगने घाईघाईने बटण दाबलं. गाडी गप्प, लेक सुरू. पुन्हा दाबलं. गाडी सुरू, लेक गप्प! तिसऱ्यांदा अंगठा टेकवला, तेव्हा मागून प्रेमलाने त्याचा खांदा धरला.

"राहू द्या."

मग थोड्या वेळाने, त्या गडगडाटातच, ती त्याच्या कानाशी वाकली. "अहो, मी माहेरी जाईपर्यंत रोज संध्याकाळी फाट्यावर हा आवाज आला की ही पोटात एकदम थांबायची. मला वाटायचं, घाबरते."

समोरचा रस्ता जयसिंगला जरा धूसर दिसू लागला. सारं गाव ज्या आवाजाला शिव्या देत होतं, तो पोटातल्या अंधारात पहुडलेलं एक इवलं बाळ कान देऊन ऐकत होतं. बाप आला, आता निजायला हरकत नाही, असं समजत होतं.

बगळे उडवीत गाडी घरी आली. मास्तर फाटकात उभे होते. मांजर नव्हतं.

गाडी विकायचं नाव मग कुणी काढलं नाही. पण दिवसभर गाडी फिरवणार किती? तोड सोजरबाईनेच काढली. तिने ओव्या गुंडाळून ठेवल्या आणि भर दुपारी पाळण्याची दोरी ओढत घसा मोकळा सोडला, "ढर्रर्र ढम् ढम् ढर्रर्र!" लेक डाराडूर! जयसिंगची गाडी तेवढी अंगणात तोंड मिटून उभी.

चौथ्या दिवशी फाटकाला मास्तरांची चिठ्ठी अडकवलेली होती:

"आपली गाडी शांत झाली, आभारी आहोत. तोच व्हॉल्व्ह आता आजींना बसवावा."