इटालियन पत्र्यावरचा नवरदेव

सकाळी सात वाजता राणीसावरगावातून निघताना सिद्धोधन साळव्यांनी बायकोला तीन नियम सांगितले. दाराला टेकायचं नाही, पुढच्या फळीवर हात ठेवायचा नाही आणि गाडीत काही खायचं नाही.

"श्वास घेतलेला चालंल का?" केशरबाईंनी विचारलं.

"हळू घे."

गाडी दोनच माणसांची, बिनटपाची आणि तांबडीलाल होती. तिचं इंजिन इंग्लंडात बनलेलं, तर अंगावरचा पत्रा इटलीतल्या कारागिरांनी हातानं ठोकून घडवलेला. साठ वर्षांपूर्वी हैदराबादच्या एका डॉक्टरांनी ती हौसेनं आणली. पुढे डॉक्टर गेले आणि तिच्यात कोंबड्या राहायला आल्या. एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झाल्यावर साळव्यांनी कोंबड्यांना बाहेर काढून ती गावी आणली आणि सात वर्षं खपून पुन्हा चालती केली. पत्रा इतका पातळ होता की जोरात टेकलं तरी खळगा पडावा. म्हणून घरात मांजर पाळायलाही त्यांनी बंदी घातली होती.

आज परभणीच्या मैदानावर अकरा वाजता जुन्या गाड्यांची तपासणी होती. मराठवाड्यातून एकच गाडी दिल्लीच्या प्रदर्शनाला जाणार होती आणि ती निवडायला लातूरहून बन्सीधरराव नावाचे जाणकार येणार होते. ते भिंग घेऊन गाडी बघतात आणि हसत नाहीत, एवढीच माहिती साळव्यांना होती. एकदा नापास झालेली गाडी पाच वर्षं परत आणता येत नसे. साळवे अडुसष्ट वर्षांचे होते. पण त्यांना काळजी नव्हती. "भिंग काय, दुर्बीण लावू दे," असं ते आठवडाभर सांगत होते.

दर तीन-चार किलोमीटरला थांबून ते मऊ फडक्यानं धूळ पुसत होते. गंगाखेडात मारुतीच्या देवळासमोर लिंबाच्या सावलीत त्यांनी सातवा थांबा घेतला. "मी फडकं भिजवून आणतो. कुणाला हात लावू देऊ नको," असं बजावून ते हापशाकडे गेले.

हापशावर रांग होती. दहा मिनिटांनी ते परतले, तेव्हा गाडीच्या नाकावर झेंडूचा हार होता, बोनेटवर कुंकवाची पाच बोटं उमटली होती आणि एक बाई चाकाखाली लिंबू ठेवत होती. केशरबाई जागेवरच बसून पेढा खात होत्या.

"अगं, हे काय?"

"मी म्हणलं, थांबा. त्या म्हणल्या, मावशी, तुमी बसा निवांत," केशरबाई म्हणाल्या. "लग्नाचा पेढा हाय. न्हाई कसं म्हणावं?"

तेवढ्यात फेटा बांधलेले एक गृहस्थ हात जोडून पुढे आले. हे भुजंगराव, नवरदेवाचे वडील. त्यांच्या पोराचा परण्या, म्हणजे नवरदेवाची मिरवणूक, देवळापासून निघायचा होता आणि परळीहून सांगितलेली उघडी जीप आलीच नव्हती. देवळासमोर उघडी लाल गाडी उभी दिसल्यावर बायकांनी ती नवरदेवाचीच धरली. आपल्याकडे उघड्या गाडीत नवरदेवाशिवाय बसतंय कोण?

"पाव्हणं, ही भाड्याची गाडी न्हाई," साळवे म्हणाले.

"तेच तर! भाड्याची आली न्हाई, म्हणून तर तुमी आलाव!"

"मला अकराला परभणीत पोचायचंय."

"मंगल कार्यालय परभणीच्याच रस्त्याला हाय. दीड किलोमीटर. तुमच्या वाटंवरच हाय की वो."

साळव्यांनी मान हलवली आणि ते हार सोडवू लागले. भुजंगराव निराश होऊन मागे वळले आणि भावकीतल्या कुणाला तरी म्हणाले, "राहू द्या. जुनं धूड हाय. नाचणाऱ्याच्या मागं हळूहळू चालायची न्हाई. मधीच बंद पडंल, आन् आपल्यालाच ढकलावं लागंल."

साळव्यांचा हात हारावरच थांबला.

"कोण बंद पडंल?"

"तसं न्हाई, पाव्हणं..."

"बसवा नवरदेव," साळवे म्हणाले.

नवरदेवाचं नाव दत्ता, वजन ब्याण्णव किलो. गाडीतल्या दोन जागांपैकी एकीवर साळवे, दुसरीवर केशरबाई.

"केशर, तू जरा उतर."

"सात वर्सं घरात पाना-पकडीच्या आवाजात झोपले. आज पहिल्यांदा बसले. आता परभणीतच उतरंल."

शेवटी दत्ताला मागे, डिकीच्या पत्र्यावर बसवायचं ठरलं. साळव्यांनी केशरबाईंच्या पाठीमागची गोधडी काढून तिची चौपदरी घडी पत्र्यावर अंथरली. "हळू टेका. सगळं वजन एकदम देऊ नका," ते म्हणाले. दत्ता एवढा हळू बसला, की बॅंडवाल्यांना वाटलं त्याला मूळव्याध आहे. मग कलवरी म्हणून त्याची बहीण अर्पिता हातात पाण्याचा करा घेऊन आली.

"मी कुटं बसू?"

"चालत ये," दत्ता म्हणाला.

"कलवरी चालत? मग तूच चाल की. दादा म्हणून ऐकते, तर लय चढायलाय."

तीही गोधडीवर बसली. खाली पत्र्यातून 'टक्' असा आवाज आला. साळव्यांनी डोळे मिटले आणि पहिला गिअर टाकला.

दीड किलोमीटरला दीड तास लागला. दर पन्नास पावलांवर बॅंड थांबे आणि भावकी नाचे. ऊन सकाळीच चटके देऊ लागलं होतं. कुणीतरी फेसाचा फवारा उडवला, कुणी अक्षता उधळल्या, चुलत्यानं बोनेटला नारळ ओवाळला आणि फोडायला जागा शोधू लागला, तेव्हा मात्र साळव्यांनी हॉर्न दाबून धरला. बाकी वेळ ते इंजिनाचा आवाज ऐकत होते. इंजिन शिवणाच्या मशीनसारखं एका लयीत चाललं होतं. अधूनमधून ते भुजंगरावांकडे बघत आणि पुन्हा समोर बघत.

मागे मात्र एक पांढरी गाडी अडकली होती आणि तिचा भोंगा थांबत नव्हता. आरशात साळव्यांना दिसलं, की भुजंगराव तिच्या खिडकीशी गेले आहेत.

"काय राव, लग्नात भोंगा वाजवायलाव! उतरा खाली!"

गाडीतून एक वयस्कर गृहस्थ उतरले. भुजंगरावांना ते नवरीकडच्या मानाच्या पाहुण्यांपैकी वाटले. बोलता बोलता त्यांच्या डोक्याला फेटा बांधला गेला आणि दोघा पोरांनी त्यांना नाचायला ओढलं. पुढचं साळव्यांना दिसलं नाही, कारण आरशावर फेस उडाला.

कार्यालयाशी नवरदेव उतरला. साळव्यांनी आधी गोधडी उचलली. खाली डिकीवर परातीएवढा खळगा पडला होता.

भुजंगरावांनी टॉवेल-टोपी पुढे केली आणि जेवून जायचा आग्रह केला. साळव्यांनी टोपी घातली, टॉवेल खांद्यावर घेतला आणि गाडी परभणीकडे हाकली.

पोखर्णी मागे पडली. मग केशरबाई म्हणाल्या, "कशाला 'हो' म्हणलाव?"

"ती बंद पडंल म्हणला तो."

"म्हणू द्यायचं की."

"केशर, खळगा पडला, ते खरं. पर बंद पडली का?"

"न्हाई पडली बाई."

"मग झालं तर."

मैदानावर ते पोचले, तेव्हा बाराला दहा मिनिटं कमी होती. अकरा चकचकीत गाड्या ओळीनं उभ्या होत्या. बारावी, झेंडूचा हार आणि कुंकवाची बोटं घेऊन, त्यांच्या शेवटी जाऊन उभी राहिली. परीक्षक अजून आले नव्हते. साळव्यांनी घाईनं फडकं काढलं. पण कुंकू पुसायला गेलं, की जास्तच पसरत होतं.

तेवढ्यात भाजीचा एक टेंपो मैदानात शिरला. त्याच्या पुढच्या सीटवरून केशरी फेटा बांधलेले एक वयस्कर गृहस्थ उतरले. त्यांनी खिशातून भिंग काढलं. आयोजक त्यांच्याकडे धावले. "बन्सीधरराव, एवढा उशीर?"

"गंगाखेडात एका लाल उघड्या गाडीनं मला दीड तास अडवून ठेवलं," बन्सीधरराव म्हणाले. "माझी गाडी तापून पोखर्णीला बंद पडली. फेट्याची गाठ मागं कुठं आहे, ते सापडत नाही. आणि मला नाचवलं. माझं वय पंच्याहत्तर आहे."

मग त्यांना बारावी गाडी दिसली.

साळव्यांनी डोक्यावरची टोपी काढली आणि परत घातली. बन्सीधरराव गाडीभोवती एक फेरी मारून डिकीशी वाकले. खळग्यावर त्यांनी भिंग धरलं आणि बोटाच्या पेरानं कड चाचपली.

"नवरदेव?" त्यांनी विचारलं.

"आन् कलवरी," साळवे म्हणाले. "खोटं कशाला बोलू."

"पुट्टी भरून आकार दिलेला असता, तर तडकली असती. कपच्या उडाल्या असत्या. हा अस्सल पत्रा आहे, नुसता दबलाय. रंगाला चीरसुद्धा नाही." त्यांनी बाकीच्या गाड्यांकडे पाहिलं. "यातल्या किती जणांची तयारी आहे, डिकीवर दोन माणसं बसवायची?"

अकरा मालक आपापल्या डिकीसमोर सरकून उभे राहिले.

"आणि इंजिनाचं मला सांगू नका," बन्सीधरराव साळव्यांना म्हणाले. "दीड तास मी मागून ऐकत होतो. दुसरं कामच नव्हतं." त्यांनी कागदावर सही केली आणि कागद साळव्यांच्या हातात दिला. चेहरा होता तसाच होता. "दिल्लीला जाण्याआधी हार काढा. आता एक काम करा, मला पोखर्णीपर्यंत सोडा. भाजीच्या टेंपोत मी परत बसणार नाही."

साळवे केशरबाईंकडे वळले.

"माझ्याकडं बघू नका," सीटवर नीट मांडी घालत केशरबाई म्हणाल्या. "साहेब, मागं बसा. ही घ्या गोधडी, आन् खळगा तयारच हाय. बसायला नवीन लागत न्हाई."

बन्सीधररावांनी क्षणभर विचार केला आणि धोतर सावरून ते मागे चढले. फेट्याची गाठ अजून सापडली नव्हती. हार नाकावर तसाच होता. गाडी मैदानातून बाहेर पडून गंगाखेड रस्त्याला लागली, तेव्हा बसथांब्यावरच्या बायका उठून उभ्या राहिल्या.

"अगं बाई," त्यातली एक म्हणाली, "नवरदेव लय वयस्कर हाय की गं!"

"आसंना का," दुसरी म्हणाली, "गाडी तर बघ."

मागे बसलेल्या बन्सीधररावांनी दोघींना हात जोडून नमस्कार केला आणि त्या दिवशी पहिल्यांदाच हसले.