दर तासाला एक कुटुंब

"आजपासून या ऑफिसात फोन वाजणार नाही!" दशांशने जाहीर केलं आणि लगेच दुरुस्ती केली, "म्हणजे, ऑर्डरसाठी."

दशांश हे तिचं खरं नाव नव्हे. विज्ञानाची पदवी घेऊन ती या कंपनीत आली, त्या दिवशी कुणीतरी विचारलं, "चहात साखर किती?" ती म्हणाली, "दीड चमचा. पण चमचा कोणता?" झालं! बारसं तिथेच उरकलं.

कंपनी होती कपड्यांच्या दुकानांची. दुकानाच्या काचेमागे कपडे घालून उभे राहतात ना, ते पुतळे एका कारखान्याकडून यायचे. आजवर ते फोनवर मागवले जात. पाच बायका मागवाव्यात तर पाच पुरुष यायचे, नाहीतर पाच धडं यायची आणि डोकी पुढच्या आठवड्यात! दशांशने यावर जालीम उपाय काढला. आपली सिस्टीम ऑर्डरचा दस्तऐवज तयार करणार, ठरलेल्या रकान्यांत, जिथल्या तिथे. तो थेट कारखान्याच्या सिस्टीमला जाणार. ती तो वाचून 'पोचलं' असं उत्तर धाडणार. मध्ये माणूस नाही, म्हणजे चूक नाही!

दोन्हीकडच्या करारात तिने स्वतःच्या हाताने एक कलमही घातलं होतं: फोनवरची कोणतीही सूचना ग्राह्य धरू नये.

"जमलं तर तू आज कायम," साहेब म्हणाले. "संध्याकाळी नव्या दुकानाचं उद्घाटन आहे, मालकीणबाई येतायत. तिथल्या पुतळ्यांची ऑर्डर मी आत्ताच तुझ्या सिस्टीममध्ये टाकलीय. नाही जमलं तर..." साहेबांनी वाक्य अर्धंच सोडलं. दशांशला अर्धी वाक्यं मुळीच आवडत नसत.

सकाळी सगळ्यांच्या आधी येऊन तिने एक चाचणी ऑर्डर पाठवली होती. एक पुरुष, एक बाई, एक मूल. प्रत्येक प्रकाराचा एकेक नमुना, शास्त्रशुद्ध! पत्त्याचा रकाना रिकामा ठेवता येत नव्हता, म्हणून ती जिच्याकडे राहायची त्या आत्याच्या घराचा पत्ता टाकला. आणि शेजारच्या 'चाचणी' या रकान्यात ठसठशीत खूण केली. चाचणीच ती, माल थोडाच येणार होता!

तेवढ्यात फोन वाजला. ऑफिसचा नव्हे, तिचा स्वतःचा.

"अगं, तुझ्याकडे पाहुणे आलेत," आत्या म्हणाली. "तिघं. आणि तिघंही टकले!"

दशांशचं धाबं दणाणलं. ती जिन्यात पळाली आणि तिथून कारखान्याला फोन लावला.

"चाचणीची खूण?" पलीकडचा ऑपरेटर म्हणाला. "आमच्याकडे तसा रकानाच नाही, ताई. ज्याला रकाना नाही, ते आमची सिस्टीम वाचत नाही."

"मग ती ऑर्डर रद्द करा!"

"फोनवर?" ऑपरेटरला खरोखर धक्का बसला. "छे छे! करारात कलम आहे. कुणीतरी फार विचार करून घातलेलं दिसतंय."

आपलेच दात आणि आपलेच ओठ! दशांश मुकाट्याने जागेवर आली आणि तिने रद्द करण्याचा रीतसर दस्तऐवज पाठवला. तो रांगेत जाऊन उभा राहिला. रांग? कसली रांग?

तिने रांग उघडून पाहिली. कारखान्याचं 'पोचलं' हे उत्तर वेळेवर आलं होतं, पण ते वाचायला तिने आपल्या सिस्टीमला अजून शिकवलंच नव्हतं. ते काम पुढच्या आठवड्यावर ठेवलं होतं. त्यामुळे आपल्या सिस्टीमला वाटत होतं, ऑर्डर पोचलीच नाही. मग ती इमानेइतबारे दर तासाला तीच ऑर्डर नवा क्रमांक घालून पुन्हा पाठवत होती. कारखाना तिला नवी ऑर्डर समजून नवं कुटुंब रवाना करत होता. आणि कारखाना होता आत्याच्या मागच्याच गल्लीत!

रांग थांबवायचं बटण होतं. फक्त साहेबांच्या परवानगीचं. परवानगी मागायची म्हणजे नोकरीवर स्वतःच पाणी सोडायचं! दशांशने ठरवलं, अजून थोडं थांबून बघू.

फोन वाजला.

"दुसरं बिऱ्हाड आलं," आत्या म्हणाली. "यांचे हात वेगळ्या खोक्यात आहेत. खालच्या मजल्यावरच्या काकूंनी खोकं उघडून बघितलं. आता त्या जिन्यात बसल्यात, पाणी पितायत."

"आत्या, परत पाठव ना त्यांना!"

"सांगून बघितलं. थांब, याच्याशीच बोल."

फोनवर गाडीचा ड्रायव्हर आला. "मॅडम, परत न्यायला परतीचा कागद लागतो. तो निघायला आधी माल मिळाल्याची सही लागते."

मागून आत्याचा आवाज आला, "म्हणजे नको असलेली वस्तू परत करायला आधी ती हवी म्हणून घ्यायची?"

"सिस्टीम तशीच आहे, मावशी."

"मावशी कुणाला म्हणतोस रे?"

दुपारपर्यंत आत्याच्या घरात उभं राहायला जागा उरली नाही. आत्याने हाय खाल्ली नव्हती, उलट कंबर कसली होती. "घरात इतकी माणसं उघडी? शोभतं का?" म्हणत तिने कपाट रिकामं केलं. पुरुषांना आतोबांच्या जुन्या पट्ट्यापट्ट्यांच्या पायजम्यांत बसवलं, बायकांना गाऊन चढवले, पोरांना दशांशचे शाळेतले स्वेटर. त्यांची नातीही लावून झाली. "दारातली ती थोरली जाऊ. जरा गर्विष्ठ आहे, मान वळवतच नाही!"

इकडे संध्याकाळ होता होता साहेब घामाघूम होऊन आले. "दशांश! नव्या दुकानात एकही पुतळा पोचलेला नाही! तासाभरात मालकीणबाई येतील. काचेमागे काय उभं करू, मी जाऊ?"

साहेबांची ऑर्डर त्या चाचणीच्या मागे निमूट उभी होती. पुढचीला उत्तर मिळाल्याशिवाय मागची जाणार नाही, ही शिस्तही दशांशचीच.

आणि मग तिच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. काखेत कळसा नि गावाला वळसा! पुतळे होते की! सगळे आत्याकडे!

"आत्या, गाडी आहे का खाली?"

"आत्ताच आली. नव्या बिऱ्हाडाला घेऊन."

"सगळ्यांना त्यात भर आणि नव्या दुकानात पाठव! पत्ता सांगते."

"तसं नाही नेता येत," मागून ड्रायव्हर म्हणाला. "कागद..."

"भर म्हटलं ना!" आत्या गरजली.

सकाळपासून दोन कंपन्यांच्या सिस्टीमना जे जमलं नव्हतं, ते झालं. माल हलला.

गाडी दुकानाशी आली तेव्हा साहेब आणि दशांश दारात येऊन उभे होते आणि मालकीणबाई फीत कापत होत्या. आत्या ड्रायव्हरशेजारी बसून आली होती, कारण कपडे तिचे होते. "उजवे हात उजवीकडे! अरे, तो तिचा पाय नव्हे, थोरलीचा आहे!" पापणी लवायच्या आत काचेमागे अख्खी वस्ती उभी राहिली. पायजमे, गाऊन आणि कोपरांवर विरलेले स्वेटर.

मालकीणबाईंनी चष्मा लावला. "हे आपले कपडे नाहीत."

साहेबांनी दशांशच्या पायावर हळूच पाय दिला. पण अंदाजे उत्तर देणं तिच्या रक्तातच नव्हतं. तिने सगळं सांगितलं. रकाना, रांग, कलम, न वाचलेलं उत्तर, एकही तपशील न गाळता. साहेब भिंतीकडे तोंड करून उभे राहिले.

मालकीणबाईंनी चष्मा काढला. मग त्यांचे खांदे हलायला लागले आणि त्या डोळे पुसेपर्यंत हसल्या.

"सिस्टीम चांगली आहे," त्या म्हणाल्या. "फक्त माल उतरवून घ्यायला एक खमकं माणूस हवं." त्या आत्याकडे वळल्या. "तुम्ही याल? आवक विभागाच्या प्रमुख म्हणून?"

"येईन की," आत्या म्हणाली. "घरात तरी आता कोण उरलंय?"

"आणि मी?" दशांशने हळूच विचारलं. "माझं कायम होण्याचं?"

"तू आजपासून यांच्याच हाताखाली. तुझं काय करायचं ते याच ठरवतील."

दशांशचा चेहरा उजळला. घरचंच माणूस! तिने मोठ्या आशेने आत्याकडे पाहिलं. आत्याने तिला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं, मघाशी गाडीतून उतरवताना एकेक पुतळा न्याहाळला होता तसं.

"घाई नको," आत्या म्हणाली. "आधी सहा महिने काम बघू."