सैर स्पेशलची दृष्ट

"मूठभर मिरच्यास्नी काय व्हई?" हिंमतरावांनी विचारलं. "इंजिन शे ते, फुई. तुन्हा नातू नही."

फुई म्हणजे कौसाबाई, हिंमतरावांची सख्खी आत्या. गावातल्या लेकरांची, वासरांची, नव्या नवरानवरींची दृष्ट तीच काढायची. तिच्या सुपात मीठ, मोहरी आणि लाल मिरच्या होत्या.

"लेकरूले चिमूटभर, बैलले मूठभर," ती म्हणाली. "इंजिननं माप माले कोनी सांगेल नही."

"मंग मी सांगस. टोपलंभर."

चिंचोडे हे नंदुरबारच्या उशाचं स्टेशन. फलाट होता, घंटा होती, रंगवलेली पाटी होती. सकाळची पॅसेंजर थांबायची, संध्याकाळची धूळ उडवत निघून जायची. अर्ज केला की वरून उत्तर यायचं, तुमच्याकडे पुरेसे उतारू नाहीत. गाडी थांबत नाही म्हणून उतारू नाहीत आणि उतारू नाहीत म्हणून गाडी थांबत नाही. असल्या अकलेला सरकार पगार देतं, वर बंगलाही देतं.

गेल्या पावसाळ्यात रमजान पॉइंट्समनची बायको नईमा बाळंतपणात अडली. तिला खाटेवर घालून फलाटावर आणलं. संध्याकाळची गाडी आली आणि हिरवा बावटा दाखवला तो रमजाननेच. दाखवला नसता तर नोकरी गेली असती. नंदुरबारपर्यंतचा चिखल बैलगाडीने तुडवला तेव्हा कासरा हिंमतरावांच्या हातात होता. नईमा वाचली. मूल वाचलं नाही. रमजान आजही त्याच हाताने बावटा दाखवतो, आणि संध्याकाळची गाडी आली की हिंमतराव त्याच्याकडे बघत नाहीत.

आता, अठ्ठावन्न सालच्या फेब्रुवारीत, सुरतेहून सैर स्पेशल येणार होती. नवा रंग दिलेलं, फुलांनी सजवलेलं वाफेचं इंजिन. मागे डब्यांत रेल्वेचे साहेब, त्यांच्या बायका, मुलं आणि फराळाचे डबे. खिडकीतून आमचा मुलूख बघायला निघालेली मंडळी.

"थांबायची नाही हो ती," स्टेशन मास्तरांनी आधीच बजावलं. "गोळा उचलण्यापुरती हळू होईल, एवढंच."

गोळा म्हणजे पुढच्या रुळावर जाण्याचा परवाना. वेताच्या कड्यात अडकवून रमजान तो उंच धरायचा आणि फायरमन चालत्या इंजिनातून हात घालून कडं उचलायचा. गोळ्याशिवाय गाडीने एक पाऊल पुढे टाकायचं नाही, असा कायदा.

"हळू व्हई ना? बस झाय," हिंमतराव म्हणाले. "उतारू नहीत म्हनतस ना? त्यास्ना डोयाखाले दाखाडस मी."

त्यांनी आसपासच्या गावांत सांगावे धाडले. लोकांना काय, फुकटचं इंजिन बघायला मिळणार. बैलगाड्या जुंपल्या गेल्या. आणि मग कौसाबाईने नेमकी शंका काढली.

"हिंमत, पोळाना दिवसे तुन्हा ढवळ्याकडे बठ्ठा गाव देखी ऱ्हायंता. दुसरा दिवसे त्याना पाय मोडना. आते त्या इंजिनकडे इतला लोके देखतीन. काही व्हयनं तं?"

हिंमतरावांना ते पटलं. इंजिन आपल्याच स्टेशनात बिघडलं तर साहेब गावाला सात जन्म गाडी देणार नाही. तेव्हा दृष्ट काढायचीच, असं ठरलं. आणि काढायची तर साहेबासमोर कंजुषी दिसता कामा नये. मिरच्या काय, घरच्याच होत्या. टोपलं शिगोशीग भरलं.

फलाटाच्या टोकाला कौसाबाई निखाऱ्यांचं घमेलं घेऊन बसली. मास्तर नवा कोट घालून इकडून तिकडे फिरत होते. घमेलं त्यांना दिसलं, पण आरतीसाठी असेल म्हणून ते पुढे गेले. फलाटावर पाय ठेवायला जागा नव्हती. विसरवाडीकडचे लोकही आले होते. तळोद्याचा रेवजी तर सासुरवाडीचा पाहुणचार सोडून आला होता.

शिट्टी झाली. काळंभोर, पितळी पट्ट्यांचं इंजिन झेंडूच्या माळा हलवत आलं आणि इतकी माणसं एकदम पुढे सरकली. वारा गाडीकडे वाहत होता. फलाटाकडच्या सगळ्या खिडक्या उघड्या आणि प्रत्येक खिडकीत एक हसरं तोंड. कौसाबाईने सूप इंजिनासमोर ओवाळलं, "आल्यागेल्यानी, पापी चांडाळनी," असं पुटपुटली आणि सूप घमेल्यात रिकामं केलं. हिंमतरावांनी मागून टोपलं उपडं केलं.

क्षणभर काहीच झालं नाही. मग पांढरा लोट उठला.

फायरमनने गोळ्यासाठी हात बाहेर काढला तो स्वतःच्या डोळ्यांवर नेला. रमजान कडं धरून उभा होता, पण शिंकेने पार दुमडला आणि कडं गडगडत रुळाखाली गेलं. गोळा नाही म्हणजे गाडी नाही. ड्रायव्हरने डोळे मिटूनच ब्रेक लावला. सैर स्पेशल चिंचोड्याला थांबली. धूर एकेका डब्यातून तब्येतीने फिरला. खिडक्यांतली हसरी तोंडं रडू लागली. पुऱ्या पडल्या, श्रीखंड सांडलं, बाया पदर तोंडावर धरून फलाटावर उतरल्या.

सर्वांत मोठे साहेब उतरले, हात उगारून काही बोलायला गेले आणि त्यांना ठसका लागला.

हिंमतराव हात जोडून पुढे झाले. त्यांचेही डोळे वाहत होते, पण ते मिरचीत वाढलेले.

"साहेब, या लोके देखा," ते म्हणाले. "या बठ्ठा उतारू शेतस. आमनी एक बाई आठेच खाटवर पडेल व्हती. तुमनी गाडी तिना डोयासमोरतीन गयी. तिनं पोर गयं. सांजनी गाडी थांबाडा. दुसरं काही मांगत नही."

साहेबासमोर कोणी बोललं आणि साहेबाने मध्येच अडवलं नाही, असं रेल्वेच्या राज्यात पहिल्यांदाच घडलं असावं. साहेब खोकत होते आणि खोकता खोकता त्यांची मान जोरजोरात हलत होती.

"साहेब हो म्हनना," मागून कोणीतरी म्हणालं. गावभर गूळ वाटला गेला.

रात्री हिंमतराव फुईला म्हणाले, "इतला ठसका. भारी नजर व्हती वाटस."

"येडा शे का तू?" कौसाबाई म्हणाली. "नजर ऱ्हायनी तं ठसका येतच नही. इंजिनले कोनीच नजर लायेल नव्हती. टोपलंभर मिरच्या फुकट गयात."

हुकूम वैशाखात आला. मास्तरांनी तो गावकऱ्यांसमोर वाचला. चिंचोडे स्टेशनात धुराचा धोका संभवतो, सबब सकाळ-संध्याकाळच्या सर्व गाड्यांनी गावाबाहेरच्या सिग्नलपाशी थांबावं. फलाट निर्धोक असल्याची मास्तरांनी खात्री केल्यावरच पुढे यावं. संध्याकाळच्या गाडीने फलाटावर मात्र पूर्वीप्रमाणेच थांबू नये.

"म्हनजे थांबी?" रमजानने विचारलं.

"थांबेल," मास्तर म्हणाले. "पण तिकडे."

तिकडे म्हणजे हिंमतरावांच्या मिरचीच्या वावराला लागून. पावसाळा सरला तशी झाडं लाल झाली आणि झाडांमधून पायवाट पडली. पेट्या, गाठोडी, बकऱ्या, वऱ्हाडं, सगळी तिथूनच गाडीत चढू लागली. बांधावर उभं राहून हिंमतराव रोज शिव्या द्यायचे. लोक रामराम करून पुढे जायचे.

दिवाळीनंतर एका संध्याकाळी वावराच्या मधोमध घोळका दिसला. पायवाट सोडून, थेट उभ्या पिकातून. हिंमतराव काठी घेऊन धावले. चौघांनी खाट उचलली होती. खाटेवर गावातली दिवस भरलेली फुलीबाई ओठ चावत कण्हत होती. पुढे रमजान दोन्ही हातांनी लगडलेली झाडं आडवी करत वाट काढत होता. सिग्नलपाशी इंजिन फुसफुसत उभं होतं.

रमजानने वर पाहिलं. हिंमतरावांनीही त्याच्याकडे पाहिलं. मग काठी टाकली, फुलीबाईच्या लुगड्यात अडकणारी एक फांदी मोडून बाजूला केली आणि खाटेचा एक खूर आपल्या हाती घेतला.

गाडी सुटली तेव्हा कौसाबाई बांधावर आली होती. वावरात नांगर फिरल्यासारखं दिसत होतं.

"फुई," हिंमतराव दम खात म्हणाले, "मन्हा वावरले कोनी तरी नजर लायी. काढी टाक."

कौसाबाईने चिखलात रुतलेल्या मिरच्यांवरून नजर फिरवली.

"काढसू ना," ती म्हणाली. "पन त्याले मिरच्या लागतीन."