इनासचा अभ्यासातला डोळा

शिरोड्यात सकाळी कुणी एका डोळ्यावर तळहात ठेवून माझ्या घराकडे टक लावून बघताना दिसला, तर गैरसमज नको. तो इनास. माझा शेजारी, बायको गेल्यापासून एकटाच राहतो.

त्याच्या उजव्या डोळ्याच्या पडद्याला विषाणूची लागण झाली आणि नजर बरीचशी गेली. गोव्याच्या एका हॉस्पिटलात थेट डोळ्यात टोचायचं नवं औषध आलं होतं. त्यानं अपाय होतो का, एवढंच आधी तपासायचं होतं. त्या अभ्यासात भाग घ्यायला इनास तयार झाला. तेव्हापासून न्यायला-आणायला गाडी, फोनवर डॉक्टरीणबाईंची चौकशी. बाजारात कोळंबी घेतानाही हा म्हणणार, "बारकी नको गो, मी अभ्यासातलो माणूस." आणि त्याला मोठी मिळायची.

मी जळत होतो, लपवू कशाला? जन्मभर शाळेत विज्ञान शिकवलं मी, आणि विज्ञानाच्या कामी आला कोण, तर पाव भाजणारा इनास. माझ्या गुडघ्यांबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही.

रोज सरळ रेघा बघा, वाकड्या दिसल्या तर कळवा, असं त्याला बजावलं होतं. यानं रेघा म्हणून माझ्या खिडकीचे गज निवडले. त्याच खिडकीत मी चहा पितो.

शेवटी राहवेना. एके दिवशी कुणाला न सांगता पहिल्या एसटीनं सावंतवाडी गाठली. म्हटलं, आपल्याही डोळ्यांत काही निघतं का बघू. डॉक्टर म्हणाले, "गुरुजी, डोळे उत्तम आहेत." तोंड पाडून परतलो.

बघतो तर इनासच्या दारात हॉस्पिटलची गाडी. त्यानं फोन केला होता, "गज दिसतत, मास्तर दिसणा नाय. औषध बाधला." अभ्यासातल्या बाकीच्यांची इंजेक्शनंही थांबवली होती. मला फाटकात बघून डॉक्टरीणबाईंनी कपाळाला हात लावला. विज्ञानात माझा वाटा तो एवढाच.

गाडी गेल्यावर मी म्हटलं, "शाण्या, दुसऱ्या डोळ्यान बघूचा नाय?"

इनास पायरीवर बसला होता. म्हणाला, "बघलंय असतंय, आणि त्या डोळ्याकय तू दिसाक नाय, तर? एक डोळो गेलो तर डॉक्टर आसत. तू गेलंस तर सकाळी मी बघू कोणाक?"

दुसऱ्या दिवशी चहा व्हायच्या आधीच मी खिडकीत जाऊन उभा राहिलो.